सवतीचा टाक

माझ्या शालनची सुपारी फुटली ते साल १९९३. लग्न माघात धरलं होतं. त्याच्या आधीच्या मार्गशीर्षात, माळशेंद्र्याच्या संग्रहालयात, एक बाई माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"हिचं नाव काय वो?"

तिचं बोट माझ्यापुढच्या ताटलीकडं होतं. ताटलीत चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्यावर उठावाची एक बाई, दोन्ही हात खाली सोडलेली, हळदकुंकवानं माखलेली.

"तानूबाई," मी म्हणाले. "माझी सवत. मी दुसरेपणाची. पहिली मेलेली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, मंगळसूत्राच्या संगं. नवं लुगडं आधी हिला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पयला निवद हिला. न्हाय केलं तर ती खवळती, पोराबाळांस्नी तरास देती."

"मेली कशानं?"

"बहात्तरच्या दुष्काळात. सांगोल्याकडं खडी फोडायच्या कामावर हुती. ताप भरला आन् जाग्यावरच गेली."

"जाग्यावरच?"

"तसंच सांगत्यात."

"कोण सांगतंय?"

"मालक सांगत्यात. दुसरं कोण सांगणार?"

बाई खाली वाकली. धुवट नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातातल्या कापडी पिशवीत तीन पुडांचा डबा. माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असावी. टाकाकडं तिनं इतका वेळ बघितलं की मी नकळत ताटली माझ्याकडं ओढली. तशी ती हसली आणि निघून गेली. दुसऱ्या कुठल्याच टेबलापाशी ती थांबली नाही.

आमच्या गावच्या इतिहास मंडळानं जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत संग्रहालय केलं होतं. दोन तलवारी, तोफेचे गोळे, मापं, लामणदिवे. ते बघायला फारसं कोणी येत नसे. म्हणून मंडळाच्या चिटणीस शेवडेबाईंनी 'घरातलं जुनं' असा आठवडा सुरू केला. ज्याच्या घरी जुनी वस्तू असेल त्यानं ती घेऊन यायचं, टेबलामागं बसायचं आणि येईल त्याला तिची माहिती सांगायची. शेवटच्या दिवशी मांडव, माईक, नारळ. कुणीही यावं, कुणीही बघावं. साक्षरतेच्या वर्गात शेवडेबाईंनीच मला पाटी दिली होती, त्यामुळं त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

मालकांना मात्र ते आवडलं नव्हतं. ते कालव्यावर पाटकरी होते, पाणी सोडायचं काम. आवाज चढवणारा माणूस नव्हे. पण टाकाचं नाव काढल्यावर ते म्हणाले होते, "गळ्यातनं काढायचा न्हाय. घरातलं लोकांम्होरं कशाला मांडतीस?"

"गावचं सोडा, थोरवत पाव्हणं सुद्धा येणार हायती बघायला," मी म्हणाले. थोरवत म्हणजे शालनचे होणारे सासरे. घराणं बघून सोयरीक करणारे. ते येणार म्हटल्यावर मालक गप्प बसले. मला वाटलं, सवतीच्या भीतीनं बोलत असतील. टाक रोज संध्याकाळी घरी न्यायचा, तिथं ठेवायचा नाही, असं ठरवून मी गेले.

माझ्या शेजारच्या टेबलावर गुलाबचाचा मणेर होते. त्यांच्या आजाची बांगड्यांची पेटी मांडून बसलेले.

"वैनी, ती डबेवाली बघितली का?" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "आज सकाळधरनं तीन खेपा. माझ्या पेटीकडं ढुंकून बघत न्हाय. एवढ्या रंगाच्या बांगड्या असून बाईमाणूस वळून बघत न्हाय म्हंजी डोळा चांदीवर हाय."

"तसलं काय बोलताय चाचा."

"ताटलीवर हात ठिवून बसा, एवढंच म्हंतो. माझा काय, पेटीला कडी हाय."

तेवढ्यात ती आलीच. मी खरोखरच ताटलीवर हात ठेवला.

"निवदाला काय ठिवता हिला?" तिनं विचारलं.

"जे शिजंल ते. पुरणपोळी, भात, वांग्याची भाजी."

"वांगं नका ठिवू. अंगावर उठायचं तिच्या."

गुलाबचाचांनी माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

"तुमाला काय ठावं?"

"एका कामावर हुतो आमी. खडीच्या." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "माझ्या भावाची लेक हितं समोरच्या दवाखान्यात बाळंतपणाला हाय. तिला डबा देऊन झाला की मला येळ असतो. म्हणून येती."

"म्हंजी तुमी तिला वळखत हुता?"

"चांगली."

"मग ती गेली तवा तिथं हुता तुमी?"

"जाग्यावर गेली न्हाय ती." बाई सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "ताप हुता, ते खरं. तिच्या नवऱ्यानं तिला बैलगाडीत घातलं आन् दवाखान्यात न्हेली. गाडी हालली तवा ती उठून बसली हुती. पाणी मागत हुती."

"आन् मग?"

"मग काय? गाडीत ती आन् तिचा नवरा, दोगंच. म्होरलं त्यालाच इचारा."

ती गेली. चाचा हळूच म्हणाले, "वैनी, ही चोर न्हाय. चोर परवडला असता."

त्या संध्याकाळी मी मालकांना वाढलं. आधी टाकापुढं घास ठेवला, मग त्यांचं ताट. शालन शेजारी गेली होती.

"खडीच्या कामावरची एक बाई भेटली," मी म्हणाले. "तानूबाईला वळखणारी."

त्यांचा घास तोंडाशी थांबला. "कोण बाई?"

"नाव न्हाय सांगितलं. म्हणली, तानूबाईला तुमी गाडीतनं दवाखान्यात न्हेलं."

"न्हेलं असंल."

"न्हेलं असंल म्हंजी? तुमी तर म्हणायचा, जाग्यावरच गेली."

"दवाखान्यात गेली. एकच ते."

"एकच कसं? अवो—"

"वीस वर्सं झाली! आता पंचनामा करतीस?" त्यांनी ताटातच हात धुतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. दारात जाऊन उभे राहिले आणि पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाले, "उद्यापासनं तिकडं जायाचं न्हाय."

मी भांडी घासत राहिले. गाडीत दोघंच होते. एक जण परत आला. हेच सारखं डोक्यात फिरत होतं. दुष्काळात माणसं कशीही मेली, कोण कुणाची चौकशी करणार होतं? मालक सांगोल्याकडून इकडं कालव्याच्या कामावर आले ते म्हातारीला घेऊन, बायको मेलेला माणूस म्हणून. त्यांच्या गावचं इथं कोणीच नव्हतं. सासूबाईंनीच माझ्या गळ्यात टाक घातला होता. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या. आणि माझी पोर माघात थोरवतांच्या घरात जायची होती. पोरीच्या बापाच्या हातून काही झालं असेल, आणि ते आता उठलं, तर थोरवत दारातसुद्धा उभे राहणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मालक आधीच कालव्यावर निघून गेले होते.

ती बाई आली नाही. दुपार झाली तरी नाही. माझं लक्ष सारखं दाराकडं. शाळेची पोरं आली, त्यांना मी टाकाचं सांगितलं, पण 'तापानं जाग्यावरच गेली' हे शब्द तोंडातून निघेनात. एका पोरीनं विचारलं, "आजी, मग ती कशी मेली?" मी म्हणाले, "म्होरल्या टेबलावर जावा, बांगड्या बघा."

शेवटी टाक गळ्यात बांधला, चाचांना टेबलावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेले.

ती मागच्या पायरीवर बसून डबा घासत होती.

"पोरगी झाली," मला बघून ती म्हणाली. "पाटंला. म्हणून आले न्हाय."

"मला एकच सांगा," मी म्हणाले. "त्यांनी तिला मारलं का?"

तिनं डबा उपडा घातला. पदराला हात पुसले.

"मारलं असतं तर तुझा टाक खरा ठरला असता," ती म्हणाली. "दे बघू हिकडं."

का कोण जाणे, मी तो काढून तिच्या हातात दिला. तिनं पदरानं त्याच्यावरचं हळदकुंकू पुसलं, उजेडाला धरून नीट बघितलं.

"काय गं सोनार ह्यो," ती म्हणाली. "माझं नाक एवढं चपटं हाय व्हय?"

मी पायरीवर बसले. आत कुणाचं तरी मूल रडत होतं.

"तुमी तानूबाई," मी म्हणाले.

"अजून तरी."

मग तिनं सांगितलं. दवाखान्यात खाटेवर घातलं, मालकांनी पाणी पाजलं, म्हणाले, कामाचं बघून येतो. ते आले नाहीत. तिचा ताप महिनाभर हटला नाही. उठली तेव्हा खडीचं काम बंद पडलं होतं, माणसं पांगली होती. सासरच्या घराला कुलूप. भाऊ न्यायला आला, पण भावजयीच्या घरात किती दिवस राहणार, म्हणून त्याच दवाखान्यात आयाच्या कामाला लागली. फरशी पुसायची, भांडी घासायची. नवरा कृष्णेकडं गेला एवढंच कळलं. शोधायला कोण जाणार?

"परवा समोर सहज आत शिरले," ती म्हणाली. "फुकट हाय म्हणाले, सावली हाय. तर तू सांगत हुतीस, तानूबाई मेली. सांगोल्याची. मला वाटलं, आसंल कोण तरी दुसरी तानूबाई. म्हणून तर इचारत बसले."

ही जिवंत, तर मग मी कोण, एवढंच मला सुचत होतं. माझी पोरं कोण? मला वाटलं, आता ही घर मागंल, नवरा मागंल, कोर्टात जाईल. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती टाक तळहातावर हलवत होती, वजन करावं तशी.

"दर साली लुगडं लावायचीस मला?"

"दर साली."

"कसल्या रंगाची हुती?"

मी आठवून सांगितलं. हिरवं, जांभळं, एक कुसुंबी, एकदा मालकांनी आणलेलं चटणी रंगाचं, जे मला आवडलं नव्हतं. ती प्रत्येकाला मान हलवत होती.

"आन् पयला घास?"

"तुमच्या नावानं काढल्याबिगर कुणाला वाढलं न्हाय."

"आयाला जेवान सगळ्यांच्या मागनं," ती म्हणाली. "दवाखान्यात. भावाकडं बी."

थोड्या वेळानं तिनं टाक माझ्या हातात परत ठेवला. "उद्या शेवटचा दिस ना? माईकवर सांगायचं हाय तुला?"

"व्हय."

"तो येणार?"

"यावंच लागंल. व्याही येणार हायती." मग मी हात जोडले. "तानूबाई, माझी पोर हाय लग्नाची. तुमी तिथं काय बोलला तर सगळं मोडंल. तिचा काय दोष?"

"ऐकलं मी, चाचाला सांगत हुतीस तू." ती उठली, डबा एकात एक बसवला. "मी येणार. बघणार त्याला. बोलणार न्हाय. तुला एकच सांगते. मी समोर उभी असताना मी मेले म्हणायचं न्हाय. बाकी तुझं तू बघ."

"आन् म्हणलं तर?"

"तर मग बोलंन."

हे धमकावून सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ती बोलणार नाही यावर मी विश्वास ठेवू, की न ठेवू? घरी गेले, मालकांकडं बघितलं. वीस वर्षं ज्याच्या शेजारी निजले त्याच्यावर विश्वास ठेवला होता. आता कुणावर ठेवायचा, ते कळेनासं झालं. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते येणार नाहीत, आणि ते आले नाहीत तर ती घरी येईल, असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी संग्रहालयाच्या अंगणात मांडव घातला होता. पहिल्या रांगेत थोरवत, पांढरा फेटा बांधून. त्यांच्या शेजारी मालक. शालन बायकांत. एकेक जण माईकवर जाऊन आपल्या वस्तूची माहिती सांगत होता. गुलाबचाचांनी इतकं लांबवलं की शेवडेबाईंना त्यांच्या हातातून माईक घ्यावा लागला.

"आता सोनाबाई मसुगडे," शेवडेबाई म्हणाल्या. "यांच्याकडे आपल्या भागातली एक फार जुनी चाल आहे. सोनाबाई, टाक सगळ्यांना दिसेल असा धरा. आणि पहिल्यापासून सांगा."

मी माईकपाशी उभी राहिले. तानूबाई मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. हातात डबा. मालकांचं तोंड माझ्याकडं होतं, त्यांनी अजून मागं बघितलं नव्हतं.

"हा माझ्या सवतीचा टाक," मी म्हणाले. "तानूबाईचा. वीस वर्सं गळ्यात हाय."

"त्या कशानं वारल्या?" शेवडेबाईंनी आठवण करून दिली. त्यांना वाटलं, मी घाबरले.

खांबापाशी ती सरळ उभी राहिली.

मी टाकाचा दोरा काढला आणि टाक उपडा धरला. "ते मी आज सांगत न्हाय," मी म्हणाले. "आज दुसरं सांगायचं हाय. तानूबाई आली हुती माझ्याकडं. माझ्यासंगं बोलली. लुगडी कसली लावली, पयला घास काढला का, सगळं तिनं इचारलं, मी सांगितलं, आन् तिनं मान हलवली. आता तिचा टाक गळ्यात घालायला नको. म्हणून मी तो मंडळाला देते. हितं ठिवा."

बायकांमधून एक श्वास उठला. कुणीतरी 'गं बाई' म्हटलं. एका म्हातारीनं जागेवरूनच हात जोडले, तिचं बघून दुसरीनं. बघता बघता निम्म्या मांडवाचे हात जोडले गेले होते. सवत स्वप्नात येते, अंगात येते, दृष्टान्त देते, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. पिशवीत डबा घेऊन येते हे कुणाच्या मनात येणार?

"कधी आल्या होत्या?" शेवडेबाईंनी हळू आवाजात विचारलं. शिकलेल्या बाई, पण त्यांचाही आवाज बदलला होता.

"कालच."

"राग नाही ना त्यांचा?"

"ते मला कळलं न्हाय," मी म्हणाले. तेवढं खरंच सांगितलं.

थोरवतांनी मालकांच्या मांडीवर हात ठेवला. "मसुगडे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेलेलं माणूस ज्या घरावर एवढं समाधानी, त्या घरची पोर आमच्यात येती. आणखी काय पायजे?"

मालक हसायला गेले. तेव्हाच लोक कुणाला तरी वाट देत बाजूला सरकले म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं. तानूबाई खांब सोडून निघाली होती. मांडवाच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, त्यांच्याकडं बघितलं, जसं उन्हात उभं राहून लांबची एसटी बघावी, आपली आहे की दुसरी. मग रस्ता ओलांडून दवाखान्यात गेली. बोलणार नाही म्हणाली होती, बोलली नाही.

मालक खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. थोरवतांना वाटलं, सवतीचं ऐकून अंगावर काटा आला असेल.

घरी जाताना कालव्याच्या बांधावरून आम्ही दोघंच चाललो होतो. शालन मैत्रिणींबरोबर पुढं गेली होती.

"मी परत गेलतो," मालक म्हणाले.

"कुठं?"

"दवाखान्यात. काम मिळाल्यावर. तिची खाट मोकळी हुती."

"कुणाला इचारलं?"

ते चालत राहिले.

"खाट मोकळी दिसली," मी म्हणाले, "तर कुणाला तरी इचारलं असंल ना?"

"खाट मोकळी हुती," ते पुन्हा म्हणाले. तेवढंच.

ते खरंच परत गेले होते की बांधावर चालता चालता त्यांना ती खाट सुचली, हे मला कळलं नाही. नंतर एकदा मी तानूबाईला विचारलं. ती म्हणाली, "मधी मला पडवीत टाकलं हुतं, खाटा कमी हुत्या म्हणून. खाट मोकळी आसंल बी. आन् नसंल बी." तिनं त्यावर जास्त विचार केलेला दिसला नाही. मी मात्र करत राहिले. त्यानंतर मालक कालव्यावरून उशिरा आले की मी कारण विचारायचे, आणि त्यांनी कारण सांगितलं की ते मनात दुसऱ्यांदा तपासायचे. ते काही तोडून बोलले नाहीत, मीही नाही. संसार चालला.

शालनचं लग्न ठरल्याप्रमाणं माघात झालं. तानूबाई भाचीबरोबर आली होती. पंगतीत मी तिला स्वतः वाढलं. मालक त्या वेळी पाहुण्यांना पाणी द्यायला दुसऱ्या टोकाला गेले आणि पंगत उठेपर्यंत परत आले नाहीत. तिनं घर मागितलं नाही, नवरा मागितला नाही, कोर्टात गेली नाही. का, ते मी विचारलं नाही.

मालक, गेनू मसुगडे, २००१ च्या चैत्रात वारले. त्यांची पहिली बायको तानूबाई गेनू मसुगडे २००९ साली, गौरी बसल्या त्या दिवशी, सांगोल्यात वारली.